सात वाजताची भिंत

माझ्या कपाटात साठ पानांची एक चित्रवही आहे. तिच्या साठही पानांवर एकच भिंत आहे आणि त्या भिंतीवर सकाळी सात वाजता पडणारा उजेडाचा एक तुकडा. पानं भरभर उलटली तर तो तुकडा उजवीकडून डावीकडे सरकत जातो, थोडा खाली उतरतो, मध्येच काही पानांवर नाहीसा होतो, परत येतो. शेवटच्या पानावर तो कपाटाच्या कडेला टेकलेला आहे. सुरुवातीची दहा-बारा चित्रं कच्ची आहेत, नंतरची जरा बरी. पण २०२० सालातले ते दोन महिने कसे काढलेस, असं कुणी विचारलं तर दाखवायला माझ्याकडे ही वहीच आहे.

११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेनं कोरोनाची साथ ही महासाथ असल्याचं जाहीर केलं आणि एप्रिल उजाडेपर्यंत जगातली जवळजवळ निम्मी माणसं या ना त्या स्वरूपाच्या टाळेबंदीत घरात बसली होती. आमच्या घरात आम्ही दोघीच, आई आणि मी. ऑफिसचं काम घरून सुरू झालं होतं, पण ते निम्म्यावर आलं होतं. पहिल्याच संध्याकाळी मी एक यादी केली. तिच्यात नऊ गोष्टी होत्या. कित्येक वर्षं मनात असलेली कादंबरी पूर्ण करायची, एक नवी भाषा शिकायची, पन्नास पुस्तकं वाचायची, जलरंग हाताळायचे, आणि असंच आणखी बरंच काही. यादी सुवाच्य अक्षरात लिहून मी टेबलासमोर चिकटवली. इतका मोकळा वेळ आयुष्यात पुन्हा मिळणार नाही, तो वाया घालवायचा नाही, असं मला मनापासून वाटत होतं.

त्या दिवसांत न्यूटनची गोष्ट फोनवरून सगळीकडे फिरत होती. १६६५ मध्ये प्लेगमुळे केंब्रिज विद्यापीठ बंद झालं, तरुण न्यूटन वूल्सथॉर्पच्या घरी परतला आणि तिथल्या एकांतात त्यानं कलनशास्त्र, प्रकाश आणि गुरुत्वाकर्षण यांवर विचार केला. म्हणजे बघा, तुम्हीही घरात आहात, तुम्ही काय करताय? गोष्ट खरी आहे, पण अर्धीच सांगितलेली. घरी जाण्याआधीच तो गणितात आकंठ बुडालेला होता. बंद दारांनी त्याला विषय दिला नाही, विषय तो सोबत घेऊन गेला होता. आणि गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडणारं त्याचं पुस्तक आलं १६८७ मध्ये, म्हणजे वीस वर्षांनंतर. हे वीस वर्षांचं शेपूट त्या मजकुरात नसायचं. असतं तर कितीतरी जणांना त्या दिवसांत स्वतःविषयी जे वाईट वाटलं ते वाटलं नसतं.

माझी यादी दहाव्या दिवशी बंद पडली. नव्याचे नऊ दिवस हे इतकं अक्षरशः खरं ठरेल असं वाटलं नव्हतं. कादंबरीचं एक प्रकरण उघडायचं, दोन ओळी खोडायच्या, मग फोनवर आकडे बघायचे, मग बातम्या, मग पुन्हा आकडे. पुस्तकाची चार पानं वाचून झाल्यावर लक्षात यायचं की एकही वाक्य आत गेलेलं नाही. वेळ होता, लक्ष नव्हतं. वेळ आणि लक्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तोवर कधी जाणवलंच नव्हतं, कारण एरवी वेळच नसायचा. भीती माणसाचं लक्ष खाते. बाहेर काय चाललंय, आईला काही होणार नाही ना, हे सगळं मनात मागे चालू असताना वरवर दिसणारा मोकळा वेळ हा सुट्टीतला वेळ नसतो. मी मात्र सुट्टीचे बेत आखावेत तशी यादी केली होती.

आणखी एक गोष्ट होती आणि मला वाटतं तीच मुळाशी होती. टाळेबंदीला शेवट दिसत नव्हता. आधी दोन आठवडे, मग आणखी काही, मग पुन्हा मुदतवाढ. जगभर हेच चाललं होतं. एखादं काम किती दिवसांत करायचं हे ठरवायला पलीकडचा काठ दिसावा लागतो. तो दर पंधरवड्याला पुढे सरकत असेल तर माणूस वल्हं मारायचंच थांबतो. पंधरा दिवसांचं नियोजन करून सोळाव्या दिवशी सगळं परत पहिल्यापासून, असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा मन नियोजनच करत नाही. नुसते दिवस ढकलतं.

यादी बंद पडल्यावर आठवडाभर मी काहीच केलं नाही. त्या आठवड्यातल्या एका सकाळी पलंगावर बसून समोरच्या भिंतीकडे बघत होते. पूर्वेच्या खिडकीतून आलेला उजेड गजांच्या सावल्यांसकट पश्चिमेच्या भिंतीवर पडला होता. पाच-सहा दिवसांपूर्वी तो स्विचबोर्डाला लागून होता हे मला आठवत होतं. आता तो बोर्डापासून जवळजवळ वीतभर डावीकडे होता. मी उठले, पेन्सिल घेतली आणि तुकड्याच्या कडेला भिंतीवरच एक बारीक खूण केली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बघितलं, तर उजेडाची कड खुणेपासून दीड बोट पुढे सरकली होती.

हे शाळेत शिकलेलं होतं, पण पाहिलं कधी नव्हतं. मार्चच्या विषुवदिनानंतर सूर्य रोज थोडा उत्तरेकडे उगवतो. तो उत्तरेला सरकला की पूर्वेच्या खिडकीतून येणारा किरण समोरच्या भिंतीवर दक्षिणेला सरकतो, म्हणजे भिंतीकडे तोंड केलं तर डावीकडे. विषुवदिनाच्या आसपास हा वेग वर्षात सगळ्यात जास्त असतो. सूर्य एका दिवसात आपल्या बिंबाच्या जवळजवळ पाऊण रुंदीइतका सरकतो. खोली चार मीटर खोल असेल तर समोरच्या भिंतीवर ते अडीच-तीन सेंटिमीटर होतात. माझं दीड बोट ते हेच. मला तेव्हा हिशेब सुचला नाही, एवढंच जाणवलं की जगात काहीतरी अजून ठरल्यासारखं चाललेलं आहे आणि ते माझ्या भिंतीवरून चाललेलं आहे.

ड्रॉवरमध्ये एक कोरी चित्रवही पडून होती. पानं मोजली, साठ निघाली. त्याच सकाळी ठरवलं. रोज सकाळी सात वाजता ही भिंत काढायची, वही संपेपर्यंत. एक पेन्सिल, पंधरा मिनिटं, एक पान. खुर्चीच्या चारी पायांशी जमिनीवर खडूच्या खुणा केल्या, म्हणजे रोज एकाच जागेवरून बघता येईल. नऊ कलमांची यादी भिंतीवरून काढली. ती फाडली नाही, वहीच्या शेवटच्या पुठ्ठ्याआड ठेवून दिली.

टाळेबंदी कधी संपणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. वही कधी संपणार हे मला ठाऊक होतं. इतक्या साध्या गोष्टीनं इतका फरक पडेल असं मला कुणी आधी सांगितलं असतं तर पटलं नसतं. साठातलं सातवं पान, साठातलं एकोणिसावं पान. बाहेरचा आकडा रोज वाढत होता आणि तो माझ्या हातात नव्हता. हा आकडाही रोज वाढत होता आणि तो फक्त माझ्या हातात होता.

पुढे कधीतरी मला विनोबांची धुळ्याच्या तुरुंगातली प्रवचनं आठवली. १९३२ साली २१ फेब्रुवारीच्या रविवारी त्यांनी कैद्यांसमोर गीतेचा पहिला अध्याय घेतला आणि दर रविवारी एक याप्रमाणे १९ जूनला अठरावा संपवला. साने गुरुजींनी ती प्रवचनं लिहून घेतली म्हणून ती आपल्याला वाचायला मिळतात. अठरा अध्याय, अठरा रविवार. कैद आणि टाळेबंदी यांची तुलना मी करणार नाही. घरात सुरक्षित बसण्याला तुरुंगवास म्हणणं बरं नाही. पण त्या रविवारांकडे मी वेगळ्या नजरेनं बघायला लागले. शिक्षेची मुदत दुसऱ्यानं ठरवलेली असते. तिच्या पोटात आपली स्वतःची एक मुदत आखता येते, जिची सुरुवात आणि शेवट आपल्या हातात असतो. ऐकणाऱ्या कैद्यांनाही येणारा रविवार नुसता आणखी एक रविवार राहिला नसेल. तो सातवा किंवा आठवा अध्याय झाला असेल.

पहिले काही दिवस चित्रं जमत नव्हती. मी उजेड काढायला जात होते आणि उजेड काढता येत नाही. पेन्सिल फक्त काळं करू शकते. चौथ्या-पाचव्या दिवशी ते हाताला उमगलं, की भिंत काढायची, सावली काढायची आणि जिथे उजेड आहे तिथे कागदाला हात लावायचा नाही. म्हणजे सगळ्यात आधी ठरवायचं की काय कोरं ठेवायचं. शाळेच्या चित्रकलेच्या तासाला हे सांगितलेलं असणारच, पण मला ते त्या खुर्चीत बसून कळलं.

मग गजांच्या सावल्या. खिडकीचे गज बोटभर जाडीचे, चांगले ठसठशीत. पण भिंतीवर त्यांच्या सावल्या म्हणजे नुसते धुरकट पट्टे. आधी वाटलं माझंच चुकतंय, मी कडा नीट बघत नाहीये. जवळ जाऊन बघितलं तर कडा नव्हत्याच. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात अर्ध्या अंशाची तबकडी आहे. तिच्या एका काठाकडून आलेला प्रकाश एक सावली पाडतो, दुसऱ्या काठाकडून आलेला जरा बाजूला दुसरी, आणि मधल्या सगळ्या मिसळून कड विरघळते. अंतराच्या साधारण शंभराव्या भागाइतकी ती विरघळलेली पट्टी रुंद असते. चार मीटरवर ती जवळजवळ चार सेंटिमीटर झाली, म्हणजे गजाच्या जाडीपेक्षाही जास्त. म्हणून गजाच्या सावलीत पुरता काळोख कुठेच नव्हता. खिडकीशी हात धरला तर त्याच गजाची हातावर पडणारी सावली मात्र रेखीव. हे समजल्यावर त्या धुरकट पट्ट्यांवर माझा जीव जडला. पेन्सिलीची शिसं बोटानं पुसून ती विरघळ आणायला मी दोन आठवडे घेतले. तेवीसाव्या पानावर ती पहिल्यांदा खरी वाटते.

रोज तेच काढून कंटाळा येत नाही का, असं एका सहकाऱ्यानं फोनवर विचारलं होतं. तेव्हा मला इटलीतल्या बोलोन्याचे चित्रकार जॉर्जो मोरांदी आठवले. १८९० साली जन्मले, १९६४ मध्ये वारले आणि आयुष्यातला फार मोठा काळ बहिणींसोबत एकाच घरात राहिले. झोपायची खोली हाच स्टुडिओ. त्याच बाटल्या, तेच डबे, त्याच फुलदाण्या, दशकानुदशकं. कधी एक बाटली दोन बोटं सरकवायची, कधी दोन डबे एकमेकांना चिकटवायचे. त्यांची चित्रं लांबून सारखी दिसतात आणि जवळ गेलं की एकही दुसऱ्यासारखं नसतं. विषय बदलत राहिला की बदलाचं श्रेय विषयाला जातं. विषय तोच राहिला तर बदलतं ते आपलं बघणं, आणि ते बदललेलं वहीत दिसतं. टाळेबंदीत हा माझ्यासाठी मोठाच आधार होता, कारण नवा विषय आणायचा कुठून? होती ती एक भिंत.

ढगाळ दिवसांबद्दल सांगायलाच हवं. एप्रिलच्या मध्यात लागोपाठ चार दिवस आकाश भरलेलं होतं. सात वाजले, खुर्चीत बसले, भिंतीवर काहीच नाही. मी आईला म्हणाले, "आज उजेडच नाही, आज राहू दे."

आई म्हणाली, "भिंत आहे ना?"

आहे. माझं ठरलं होतं ते भिंत काढायचं. उजेड पडणं माझ्या हातात नव्हतं. चार पानं मी नुसती भिंत काढली. स्विचबोर्ड, पोपडा निघालेली जागा, खिळ्याचं भोक, छताखालची फिकट होत गेलेली पट्टी. ती चार पानं मला आज बाकीच्यांपेक्षा जास्त आवडतात. उद्दिष्ट ठरवताना आपण बहुतेक वेळा उजेडाचं ठरवतो. कादंबरी चांगली झाली पाहिजे, गाणं लोकांना आवडलं पाहिजे, अमुक इतके वाचक मिळाले पाहिजेत. ज्याचा आपल्याशी संबंध आहे पण ज्यावर आपला ताबा नाही अशा गोष्टीचं. आणि मग चार दिवस ढग आले की पाचव्या दिवशी आपण उठत नाही.

आईची यात फार मदत झाली आणि तिची तिलाही ती कळली नसावी. रोज आठ वाजता ती विचारायची, "आजचं झालं का?" कसं झालं, असं तिनं कधी विचारलं नाही. मला बघू, असंही नाही. झालं का, एवढंच. दिवसभरात माझ्याकडून एका प्रश्नाचं उत्तर 'हो' असं देता यायचं. बाकीच्या कशालाच तेव्हा हो म्हणता येत नव्हतं. कधी सुरू होणार सगळं? माहीत नाही. तुझी नोकरी राहील ना? माहीत नाही. आजचं झालं का? हो, झालं.

मानसशास्त्रात उद्दिष्टांवर पुष्कळ काम झालेलं आहे. एडविन लॉक आणि गॅरी लेथम या दोघांनी अनेक दशकं दाखवून दिलं, की 'जमेल तेवढं उत्तम करा' असं सांगितलेल्या माणसांपेक्षा नेमकं, थोडं अवघड उद्दिष्ट दिलेली माणसं जास्त काम करतात. पीटर गॉलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १९९९ मध्ये आणखी एक धागा मांडला. नुसतं काय करायचं हे न ठरवता कधी आणि कुठे करायचं हेही ठरवलं, म्हणजे अमुक झालं की मी तमुक करीन अशी गाठ बांधून ठेवली, तर ते हातून घडण्याची शक्यता पुष्कळ वाढते. सात वाजले की ही खुर्ची. मला हे संशोधन तेव्हा माहीत नव्हतं, नंतर वाचलं. वाचताना सगळ्यात जास्त कामाची वाटली ती लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधली फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांची पाहणी. ९६ जणांनी रोज करायची एकेक साधी गोष्ट निवडली आणि बारा आठवडे तिची नोंद ठेवली. ती गोष्ट आपोआप होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागतात असं निघालं, पण माणसामाणसांत फरक केवढा! कुणाला १८ दिवस, तर कुणाचा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. सवय एकवीस दिवसांत लागते असं आपण छातीठोकपणे एकमेकांना सांगतो आणि बाविसाव्या दिवशी ती लागलेली नसली की दोष स्वतःला देतो.

त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट आहे. एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा अडथळा येत नाही. माझे तीन दिवस चुकले. पहिला चुकला तेव्हा मी दिवसभर अस्वस्थ होते, आता सगळं मोडलं असंच वाटत होतं, कारण आमच्या मनात नेम म्हणजे अखंड हे फार खोल बसलेलं आहे. त्या रात्री मी ठरवून टाकलं की चुकलेल्या दिवसाचं पान कोरं सोडायचं नाही आणि दुसऱ्या दिवशी दोन पानंही काढायची नाहीत. पुढच्या सकाळी पुढचं पान. वही तीन दिवस उशिरा संपेल, बस्. चुकलेल्याची भरपाई करायला गेलं की कर्ज वाढत जातं आणि एक दिवस माणूस वहीच उघडत नाही.

एक चूक मात्र माझ्या हातून झाली आणि ती वेगळी होती. पंधराव्या पानाच्या सुमाराला मी चित्रांचे फोटो समाजमाध्यमावर टाकायला लागले. पहिल्या दिवशी पुष्कळ जणांनी कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी कमी. तिसऱ्या दिवशी मी खुर्चीत बसल्यावर भिंतीकडे बघण्याआधी विचार केला की कोणता कोन फोटोत चांगला दिसेल, आणि पायांशी खडूच्या खुणा असतानाही खुर्ची हलवली. सोळा ते वीस ही पानं वेगळ्या बाजूनं काढलेली आहेत. उजेडाचा तुकडा त्यांत उडी मारतो. वही उलटताना तिथे अजूनही अडखळायला होतं.

१९७३ सालचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतल्या, मुळातच चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांना घेतलं. काहींना आधीच सांगितलं की स्केचपेननं चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल, आणि दिलंही. काही दिवसांनी वर्गात तीच पेनं पुन्हा मोकळी ठेवली, या वेळी बक्षिसाविना. ज्यांना बक्षीस कबूल केलं होतं ती मुलं आता बाकीच्या मुलांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. मुलांची आवड कुणी हिरावली नव्हती. फक्त ती कशासाठी आहे याचं उत्तर बदललं होतं. मी विसाव्या पानानंतर फोटो टाकणं थांबवलं आणि खुर्ची पुन्हा खुणांवर आणली. दुसऱ्यांनी बघणंच वाईट असं मी म्हणत नाही. पुष्कळ लोक त्या काळात एकमेकांना चित्रं आणि गाणी पाठवूनच तरले. पण रोजच्या कामाच्या मध्यात दाद मागायला बसलं की काम दादेच्या मापानं कापलं जातं. वही पुरी झाल्यावर दाखवायची, असं ठरवायला हवं होतं.

आता मैत्रिणीची गोष्ट सांगते, ती सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

माझं एकोणतिसावं-तिसावं पान चाललं होतं. मी उत्साहात होते. शाळेपासूनच्या मैत्रिणीला मी चार पानांचे फोटो पाठवले आणि लिहिलं, "तूही काहीतरी सुरू कर. रोज थोडं. बघ, किती बरं वाटतं." ती कविता करायची, चांगल्या करायची. तिचं उत्तर आलं नाही. मी दोन दिवसांनी पुन्हा लिहिलं. पाचव्या दिवशी तिचा फोन आला. तिच्या बाबांना कोरोना झाला होता आणि ते घरीच, एका खोलीत वेगळे होते. ती दर चार तासांनी त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावत होती, रात्रीसुद्धा. "मला तुझे फोटो बघून राग आला," ती म्हणाली. "मग रागाचाही राग आला."

मी माफी मागितली. पण त्या फोननंतर माझं कितीतरी ठोकळ शहाणपण गळून पडलं. टाळेबंदीत सगळ्यांकडे वेळ होता हे खरं नव्हतं. ज्यांच्या घरी आजारी माणूस होतं, ज्यांच्या अंगावर लहान मुलं आणि काम दोन्ही होतं, जे दवाखान्यात किंवा रस्त्यावर राबत होते, ज्यांचा रोजगारच बुडाला होता, त्यांना वेळेचा सदुपयोग करा असं सांगणं ही क्रूरता होती. मी ती माझ्या जिवलग मैत्रिणीवर केली होती आणि वर तिला माया समजत होते. स्वतःला सावरायला सापडलेली काठी दुसऱ्याच्या हातात कोंबायची नसते.

बाबा बरे झाले. दीडेक महिन्यानं तिनं मला सांगितलं की त्या दिवसांत तिनंही काहीतरी लिहिलं होतं. ऑक्सिजनच्या आकड्यांसाठी एक छोटी वही होती. तारीख, वेळ, आकडा. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रात्रीच्या शेवटच्या आकड्याशेजारी ती त्या दिवशी बाबा बोललेलं एक वाक्य लिहायला लागली. जसंच्या तसं. ९३ च्या शेजारी एक वाक्य, ९५ च्या शेजारी एक. एकूण सतरा वाक्यं. "निम्मी तर 'पंखा वाढव' आणि 'आता झोप तू' अशीच आहेत," ती म्हणाली. "पण मी दिवसभर त्यासाठी कान देऊन असायचे. आज काय लिहायचं, म्हणून. नाहीतर मी नुसता आकडाच ऐकत राहिले असते." बाबा आता ती वही वाचतात आणि आपण असं म्हणालोच नव्हतो म्हणून तिच्याशी वाद घालतात.

एका दिवसाला एक वाक्य, तेही दुसऱ्याचं. याहून लहान उद्दिष्ट मला सुचवता आलं नसतं, आणि मी सुचवलं असतं तर तिनं ते घेतलंही नसतं. ते तिच्या दिवसातूनच निघालं होतं, जे काम तिला करावंच लागत होतं त्याच्या कडेला. कुणी आता मला विचारलं की अशा काळात काय करू, तर मी एवढंच विचारते की तुझ्या दिवसात चुकत नाही असं काय आहे. त्याच्या बाजूला जागा असते.

मे महिन्यात उजेडाचा वेग मंदावला. जूनमधल्या दक्षिणायनाकडे जाता जाता सूर्य उत्तरेकडे सरकायचा थबकतो. मेच्या उत्तरार्धात रोजची चाल निम्म्यावर येते. दीड बोटाचं पाऊण बोट झालं. पन्नासाव्या पानापर्यंत तुकडा भिंतीवरून चारेक फूट डावीकडे गेला होता आणि दोनेक वीत खाली, कारण उजाडायला लवकर लागलं होतं आणि सातला सूर्य अधिक वर असायचा. मी आता एक तुकडा काढायला पंधरा मिनिटांऐवजी अर्धा तास घेत होते. बाहेर काही ठिकाणी निर्बंध सैल व्हायला लागले होते. मला मनातून धाकधूक होती की वही संपण्याआधी सगळं उघडलं तर? आणि हे लक्षात आल्यावर मी स्वतःशीच थबकले. दोन महिन्यांपूर्वी ज्याची चातकासारखी वाट बघत होते ते आता जरा थांबून आलं तर चालणार होतं.

साठावं पान जूनच्या पहिल्या आठवड्यात झालं. तुकड्याची डावी कड कपाटाच्या लाकडावर चढली होती, तिथे ती तपकिरी दिसत होती. ते लाकूड पेन्सिलीनं कसं दाखवायचं ते मला आलं नाही. आई आठ वाजता म्हणाली, "आजचं झालं का?" मी म्हटलं, "झालं. संपली." ती हात पुसत आली, खुर्चीत बसली आणि पहिल्यांदाच तिनं वही मागितली. साठही पानं तिनं सावकाश बघितली. ढगाळ दिवसांच्या चार पानांवर थांबली. पोपड्याच्या जागेवर बोट ठेवून म्हणाली, "हे रंगवून घ्यायला हवं."

रंगवून घेतलं नाही. कादंबरीचं ते प्रकरण मात्र त्या वर्षाच्या शेवटी पुरं झालं, रोज एक परिच्छेद, नव्वद परिच्छेदांची वही ठरवून. ते चांगलं झालंय की नाही हे मला अजून सांगता येत नाही.

पुढच्या वर्षी मार्च संपत आला होता. ऑफिस अर्धं घरून, अर्धं बाहेरून. मी सकाळी घाईत बाहेर पडायच्या तयारीत होते आणि आईनं आतून हाक मारली. ती पलंगावर बसली होती. उजेडाचा तुकडा भिंतीवर, स्विचबोर्डापासून वीतभर डावीकडे. वर्षापूर्वी केलेली पेन्सिलची बारीक खूण अजून तिथेच होती आणि उजेडाची कड तिच्यावर येऊन टेकली होती.

"आलं बघ," आई म्हणाली.

घड्याळात सात वाजले होते. मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि खुर्ची शोधायला गेले.